सुवर्ण नॅनोदंड

सुवर्ण नॅनोदंड : द्रवात कलिल अवस्थेत (न विरघळता बारीक कणांच्या रूपात तरंगत) राहणारे सोन्याचे दंडाकृती नॅनोस्फटिक. जाडी सामान्यतः १० ते २० नॅनोमीटर, लांबी ४० ते १०० नॅनोमीटर.

सोन्याचा बारीक कलिल विद्राव माणकासारखा लाल दिसतो, हे मायकेल फॅराडे यांनी १८५७ मध्ये अभ्यासले. गुस्टाफ मी यांनी १९०८ मध्ये गोल कणांचे गणित मांडले व रिखार्ड गान्स यांनी १९१२ मध्ये ते लांबट कणांपर्यंत नेले. प्रकाशाच्या विद्युतक्षेत्रामुळे धातूतील मुक्त इलेक्ट्रॉन एकत्रितपणे हेलकावतात. दंडात हे हेलकावे आडवे आणि लांबीच्या दिशेने असे दोन प्रकारचे असल्याने शोषणाचे पट्टेही दोन मिळतात. आडवा पट्टा सुमारे ५२० नॅनोमीटरवर जवळजवळ स्थिर राहतो. लांबीचा पट्टा मात्र लांबी व जाडी यांच्या गुणोत्तराप्रमाणे अवरक्ताकडे सरकतो. पाण्यात गुणोत्तर ४ असल्यास तो ८०० नॅनोमीटरच्या आसपास येतो. हे गुणोत्तर हवे तसे साधणे हाच संश्लेषणाचा खरा प्रश्न आहे.

सच्छिद्र ॲल्युमिना पटलाच्या साच्यात दंड घडवणे आणि विद्युत्-रासायनिक पद्धत (१९९७) हे आधीचे मार्ग. आज रूढ आहे ती बीजवाढ पद्धत; तीत सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांपासून, म्हणजे बीजांपासून, दंड वाढवतात. जना, गिअरहार्ट व मर्फी यांनी २००१ मध्ये ती मांडली. निकूबख्त व एल-सय्यद यांच्या २००३ मधील सुधारणेने गोल कणांची भेसळ खूप घटली. प्रथम क्लोरोऑरिक आम्ल व सीटॅब (सेटिल ट्रायमिथिल अमोनियम ब्रोमाइड) यांच्या मिश्रणात बर्फगार सोडियम बोरोहायड्राइड घालून बीजे करतात. ज्यात बीजे वाढतात त्या वाढीच्या द्रावणात क्लोरोऑरिक आम्ल व सीटॅब यांच्याबरोबर चांदीचे नायट्रेट असते. त्यात ॲस्कॉर्बिक आम्ल पडताच पिवळा-नारिंगी रंग उडून द्रावण पाण्यासारखे होते, कारण त्रिसंयुजी सोन्याचे एकसंयुजी सोने बनते. नंतर बीजे घातल्यावर काही मिनिटांत रंग चढू लागतो. द्रावण थंड पडल्यास सीटॅबचे स्फटिक साचतात, म्हणून तापमान २७ ते ३० अंश सेल्सिअस राखतात. सीटॅबमध्ये आयोडाइडची अत्यल्प अशुद्धी असली तरी दंड बनत नाहीत, असे स्मिथ व कॉर्गल यांच्या गटाने २००८–०९ मध्ये दाखवले. एकाच कृतीचे निष्कर्ष प्रयोगशाळांगणिक का बदलत, याचा त्यामुळे बराच उलगडा झाला.

चांदीच्या आयनांचे कार्य वादग्रस्त आहे. एका मतानुसार दंडाच्या बाजूच्या प्रतलांवर (स्फटिकाच्या सपाट पृष्ठांवर) चांदीचा एकपदरी थर बसून तेथील वाढ मंदावते. दुसऱ्या मतानुसार चांदी, ब्रोमाइड व सीटॅब यांचे संयुग त्या प्रतलांना झाकते. चांदीमुळे सीटॅबच्या रेणूंचे पुंजके लांबट होऊन साच्याचे काम करतात, असे तिसरे मत आहे. केवळ साच्याची कल्पना अपुरी वाटते. चांदीविना सायट्रेट-बीजांपासून वाढवलेले दंड पंचजुळे (पाच स्फटिक जुळून बनलेले), तर चांदीसह सीटॅब-बीजांपासूनचे एकस्फटिकी असतात, हा स्फटिकरचनेतील भेद तिच्याने उलगडत नाही. पहिल्या दोन मतांचा मेळ अधिक ग्राह्य दिसतो. बाजूची प्रतले कोणती, याबद्दलही आधी (११०) व पुढे (५२०) असे निर्देश आढळतात; हे अंक स्फटिकातील प्रतलाची दिशा दाखवतात.

साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटरचा प्रकाश शरीराच्या ऊतींत तुलनेने खोल जातो. त्या पट्ट्यात शोषण करणारे दंड लेसरने तापवून कर्कपेशी नष्ट करण्याचे प्रयोग २००६ पासून प्रसिद्ध आहेत. सीटॅब पेशींना विषारी असल्याने त्याआधी त्याच्या जागी पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे आवरण चढवतात.