मिरिस्साच्या समुद्रातले निळे देवमासे

श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला मिरिस्सा बंदर आहे. तिथून सकाळी लवकर लाँच सुटतात. पहिल्यांदा आलेला माणूस उलटीची गोळी घेऊन बसलेला असतो आणि देवमासा कधी हवेत उसळी घेतो याची वाट बघत असतो. निळा देवमासा उसळ्या मारणाऱ्यांतला नव्हे. लांबवर वाफेचा उभा फवारा उठतो, त्यामागून करडी-निळी पाठ सरकू लागते आणि सरकतच राहते. नशीब असेल तर बुडी घेताना शेपूट वर येतं. मग पाण्यावर तेल सांडल्यासारखं एक गुळगुळीत वर्तुळ तेवढं उरतं.

हे पर्यटन जेमतेम दीड-दोन दशकांचं. या देवमाशांचा पत्ता आधी लागला तो शिकाऱ्यांना. १९६०च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी उत्तर हिंदी महासागरात बाराशेहून अधिक निळे देवमासे बेकायदा मारले. खरे आकडे बाहेर यायला १९९०चं दशक उजाडलं. १९७९ साली, सेशेल्ससारख्या चिमुकल्या देशाच्या पुढाकाराने, हिंदी महासागर देवमाशांसाठी अभयारण्य ठरला. आता प्रश्न अभ्यासाचा होता, कारण तोवरचं बरंचसं ज्ञान मेलेल्या देवमाशांना फाडून मिळालेलं. म्हणून जिवंत देवमासे बघायला 'ट्युलिप' नावाची शिडाची छोटी होडी निघाली आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला देवमाशांचे अभ्यासक हॅल व्हाइटहेड आणि सहकाऱ्यांना श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्रिंकोमालीजवळ निळे देवमासे भेटले. पर्यटन खरं तर तिथेच रुजायचं. पण १९८३ मध्ये यादवी पेटली आणि पूर्व किनाऱ्यावर हौसेने जाण्याचे दिवस संपले.

पुढचा धागा मला सगळ्यात आवडतो, आणि तो विष्ठेचा आहे. २००३ मध्ये आशा डी व्होस ही तरुण श्रीलंकन संशोधक एका जहाजावर होती. निळे देवमासे जमलेले आणि पाण्यावर लालभडक विष्ठेचा तवंग. पुस्तकं सांगत होती की हे प्राणी थंड समुद्रात खातात आणि उबदार पाण्यात फक्त विणीसाठी येतात. पण खाल्ल्याशिवाय हे लाल कुठून येणार? म्हणजे इथले देवमासे इथेच जेवत होते, ध्रुवाकडे न जाता.

ते किनाऱ्याच्या इतके जवळ येतात याचं कारण समुद्राच्या तळाशी आहे. मिरिस्साजवळच्या दोंद्रा भूशिरापुढे उथळ तळाचा ओटा अगदी अरुंद आहे. थोडं पुढे गेलं की एकदम खोल. त्या कड्याच्या आसपास त्यांना खाद्य सापडतं. त्यामुळे लाँचला फार लांब जावं लागत नाही. मे २००९ मध्ये युद्ध संपलं, पर्यटक परतले आणि मिरिस्साचं नाव झालं. हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की दक्षिणेचा समुद्र खवळतो आणि मग नजर पुन्हा त्रिंकोमालीकडे वळते.

अडचण अशी की दोंद्रासमोरूनच पूर्व-पश्चिम जलवाहतुकीचा जगातला एक अत्यंत गजबजलेला मार्ग जातो आणि जहाजांच्या धडकेने देवमासे मरतात. २०२२ मध्ये एमएससी या बड्या कंटेनर कंपनीने आपली जहाजं सुमारे १५ सागरी मैल दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली. अधिकृत मार्गच हलवायचा तर श्रीलंकेला आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेपुढे प्रस्ताव मांडावा लागतो. लाँचमधून फवारा शोधताना क्षितिजावर कंटेनर रचलेलं जहाज दिसलं, तर ते याच मार्गावरचं.