हिरव्या लेझर पॉइंटरमधून फक्त हिरवाच प्रकाश येतो?

असा समज फॉरवर्डमधून फिरत असतो. तो खरा नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या 532 नॅनोमीटर तरंगलांबीच्या (हिरव्या) पॉइंटरमध्ये मुळात 808 चा, म्हणजे न दिसणारा अवरक्त प्रकाश देणारा, डायोड असतो. त्यावर चालणारा स्फटिक 1064 चा, तोही अवरक्तच, प्रकाश देतो आणि केटीपी नावाचा दुसरा स्फटिक त्याची वारंवारता दुप्पट करतो, म्हणजे तरंगलांबी निम्मी, 532 होते. सगळं रूपांतर कधीच होत नाही. स्वस्त मालात अवरक्त अडवणारा फिल्टर नसला की उरलेलं बाहेर पडतं. न दिसणाऱ्या प्रकाशाला पापणीही मिटत नाही.

तपासायला, टीव्ही रिमोटचा डोळ्यांना न दिसणारा दिवा टिपणारा फोन-कॅमेरा घ्या. भोक पाडलेल्या कागदातून किरण सीडीवर काटकोनात टाका. सीडीवरच्या बारीक रेषा प्रकाश तरंगलांबीनुसार ठरावीक कोनांत परतवतात. परतणारे हिरवे ठिपके मूळ किरणापासून साधारण 19 आणि 42 अंशांवर पडतात. मधे, 30 अंशांवर, फक्त कॅमेऱ्यात ठिपका दिसला तर 808 गळतोय. 1064 चा ठिपका मात्र 42 वरच्या हिरव्यातच लपतो, त्यामुळे 30 वर काही न दिसणं म्हणजे पॉइंटर निर्धोक असं नव्हे.