रॅटलाइन

रॅटलाइन : दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपासून १९५० च्या आसपासपर्यंत नाझी, क्रोएशियातील उस्ताशा व इतर फॅसिस्ट राजवटींतले युद्धगुन्हेगार ज्या वाटांनी युरोपातून निसटले, त्या वाटांना मिळालेले नाव. शिडाच्या जहाजात डोलकाठीला ताणून धरणाऱ्या दोरांवर पायऱ्यांसारख्या आडव्या दोऱ्या बांधतात आणि खलाशी त्यांवरून वर चढतात. त्या दोऱ्या म्हणजे रॅटलाइन. ‘उंदीरवाट’ हे भाषांतर त्यामुळे चटकदार असले तरी चुकीचे आहे.

या पलायनाभोवती दंतकथा पुष्कळ आहेत. जुलै व ऑगस्ट १९४५ मध्ये यू-५३० आणि यू-९७७ या दोन जर्मन पाणबुड्या अर्जेंटिनातील मार देल प्लाता बंदरात खरोखरच शरण आल्या. त्यांतून नाझी पुढारी काही उतरले नाहीत, वावड्यांना मात्र पुढची कित्येक वर्षे खाद्य मिळाले. ‘ओडेसा’ नावाची एकच सर्वशक्तिमान गुप्त संघटना सगळ्यांना पळवत होती, ही कल्पनाही अभ्यासकांना मान्य नाही. प्रत्यक्षात काम झाले ते शिफारसपत्र, दाखला, शिक्का आणि बोटीचे तिकीट यांवर.

मुख्य वाट ऑस्ट्रियातून ब्रेनर खिंडीने इटलीच्या दक्षिण टायरोल प्रांतात उतरे आणि तिथून जिनोआ बंदराला जाई. दक्षिण टायरोलमध्ये जर्मनभाषक वस्ती असल्याने परका माणूस उठून दिसत नसे. शिवाय १९३९ च्या जर्मनी-इटली करारानंतर तिथल्या अनेकांनी जर्मन नागरिकत्व पत्करले होते, आणि युद्धानंतर त्यांचे राष्ट्रीयत्व अधांतरी राहिले. आपण इथलेच, पण कुठल्याच देशाचे नाही, असे सांगण्याची ही आयती सोय होती. ज्याला देश नाही त्याला आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस प्रवासाचा कागद देत असे. ही व्यवस्था निर्वासितांसाठी होती. छळछावणीतून वाचलेले ज्यूही तोच कागद घेऊन बाहेर पडले. अर्जदारांची गर्दी प्रचंड, पडताळणी जुजबी, आणि एखाद्या धर्मगुरूने ओळख पटवली की बहुधा काम होई.

असे धर्मगुरू होते. रोममधील जर्मन धर्मसंस्थेचे प्रमुख, बिशप आलोइस हुडाल यांनी आपली मदत कधी लपवली नाही. आठवणींत त्यांनी तिचे समर्थनच केले. ट्रेब्लिंका या संहार छावणीचा प्रमुख फ्रांझ स्टांगल त्यांच्याच मदतीने आधी सीरियाला व नंतर ब्राझीलला पोहोचला. तिथे तो स्वतःच्या खऱ्या नावाने मोटार कारखान्यात नोकरी करत होता. अटक झाली थेट १९६७ मध्ये. क्रोएशियनांची वाट सान जिरोलामो या रोममधल्या धर्मसंस्थेतून जाई आणि तिचा सूत्रधार होता क्रुनोस्लाव्ह द्रागानोविच हा पाद्री. उस्ताशांचा म्होरक्या आन्ते पावेलिच १९४८ मध्ये नाव बदलून अर्जेंटिनाची राजधानी ब्वेनोस आइरेसला उतरला.

दोस्त राष्ट्रे अंधारात होती, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. द्रागानोविचची वाट अमेरिकी लष्करी गुप्तचरांनी माणशी पैसे मोजून वापरली. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा, अधिकारी क्लाउस बार्बी आधी त्यांचा खबऱ्या झाला आणि १९५१ मध्ये ‘क्लाउस आल्टमन’ बनून बोलिव्हियाला गेला. बार्बी फ्रान्सच्या ताब्यात आला त्याच वर्षी, १९८३ मध्ये, चौकशी अहवालानंतर अमेरिकेने फ्रान्सकडे दिलगिरी व्यक्त केली.

पलीकडच्या किनाऱ्यावर, अर्जेंटिनात, ह्वान पेरोन यांचे सरकार होते. त्यांना जर्मन तंत्रज्ञ हवे होते, आणि तंत्रज्ञांबरोबर कोण येतो याची त्यांना फारशी फिकीर नव्हती. याच अर्जेंटिनाने १९३८ मध्ये, ज्यू जीव मुठीत धरून पळत असताना, ‘परिपत्रक ११’ काढून आपल्या वकिलातींना अशा ‘नकोशा’ लोकांना व्हिसा देऊ नये असे गुपचूप कळवले होते. ते परिपत्रक औपचारिकपणे रद्द झाले २००५ मध्ये.

पळालेल्यांपैकी थोड्यांनाच न्यायालयाने गाठले. आउश्वित्झ या संहार छावणीचा डॉक्टर योसेफ मेंगेले १९७९ मध्ये ब्राझीलच्या समुद्रात पोहताना मेला, तोही दुसऱ्याच्या नावाने पुरला गेला. नाझी अधिकारी एरिक प्रीब्के अर्जेंटिनातल्या बारिलोचे गावात खऱ्या नावाने, प्रतिष्ठित शेजारी म्हणून राहिला. रोमजवळच्या आर्देआतिने गुहांत ३३५ जणांना गोळ्या घातल्या गेल्या, त्या हत्याकांडात त्याचा हात होता. १९९४ मध्ये एका अमेरिकी वाहिनीच्या वार्ताहराने त्याला रस्त्यात गाठले, तेव्हा त्याने ते कबूलही केले.

नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचा (होलोकॉस्टचा) एक मुख्य सूत्रधार आडोल्फ आइकमन याचा कागद आज पाहायला मिळतो. जिनोआत जून १९५० मध्ये दिलेल्या या रेडक्रॉस दाखल्यावर नाव आहे रिकार्दो क्लेमेंत, जन्मगाव दक्षिण टायरोलमधले बोल्झानो, राष्ट्रीयत्व नाही. फोटोत चष्मा आणि बो टाय लावलेला, कारकुनासारखा दिसणारा माणूस आहे. हा माणूस १४ जुलैला ‘जोव्हाना सी’ बोटीने ब्वेनोस आइरेसला उतरला. दोन वर्षांनी बायको आणि मुले आली, पण मुलांनी आइकमन हेच आडनाव चालू ठेवले, आणि माग लागला तो त्यावरूनच. ११ मे १९६० रोजी इस्रायली हेरांनी त्याला घराजवळून उचलले. १९६२ मध्ये त्याला फाशी झाली. दाखला मात्र ब्वेनोस आइरेसमध्येच न्यायालयाच्या दप्तरात पडून होता. २००७ मध्ये तो सापडला आणि शहरातल्या होलोकॉस्ट संग्रहालयाकडे गेला.