वृद्धांमधील तीव्र नैराश्यावरील उपचार-संशोधन

साठी ओलांडलेल्या व्यक्तींच्या तीव्र नैराश्यावर कोणता उपचार लागू पडतो, आलेला गुण किती काळ टिकतो आणि उतारवयातले शरीर तो उपचार कितपत सोसते, याचा चाचण्यांमधून घेतला जाणारा शोध. बहुतेक चाचण्यांत 60 वर्षे ही खालची वयोमर्यादा असते. काहींत ती 65 किंवा 70 आहे. गेल्या पंचवीसएक वर्षांतल्या कामातून एक गोष्ट ठळक झाली आहे. म्हाताऱ्या रुग्णाला नैराश्यातून बाहेर काढता येते, पण बाहेर आलेला रुग्ण पुन्हा आत जाऊ नये यासाठी जास्त खटपट करावी लागते.

ओळख आणि मोजमाप : या वयात ‘मला उदास वाटते’ असे सांगणारे रुग्ण कमीच. अंग दुखते, पोट साफ होत नाही, झोप लागत नाही, अन्नावरची वासना गेली, अशा तक्रारी पुढे येतात आणि घरचे ‘वयच झालंय’ म्हणून सोडून देतात. आजार तीव्र असेल तर बोलणे-चालणे मंदावते, रुग्ण पाणीही नाकारतो. काहींना आपले पैसे संपले, आतडी सडली, अशा ठाम भ्रामक समजुती होतात. विस्मरणही होते. मात्र डिमेन्शियाचा रुग्ण चुकीचे का होईना उत्तर देतो आणि नैराश्याचा रुग्ण प्रश्न पुरता ऐकण्याआधीच ‘माहीत नाही’ म्हणतो. हा फरक उपयोगी आहे, पण त्यावर पूर्ण विसंबू नये, कारण दोन्ही आजार एकत्रही असतात.

चाचण्यांत तीव्रता मोजायला हॅमिल्टन मापनपट्टी (1960) वापरतात. तिच्यात झोप, भूक, वजन यांना बरेच गुण असल्याने संधिवात किंवा हृदयविकार असलेल्या वृद्धाचे गुण नैराश्य नसतानाही चढतात. म्हणून 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला वृद्धांसाठी वेगळी प्रश्नावली तयार झाली. तिच्यात शारीरिक तक्रारी मुद्दाम वगळल्या आहेत आणि उत्तरे फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. मूळ 30 प्रश्नांची आणि छोटी 15 प्रश्नांची अशा दोन्ही आवृत्त्या वापरात आहेत.

औषधे : सेर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम यांसारख्या गोळ्यांपासून सुरुवात होते. सेर्ट्रालिन 25 मिग्रॅपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. प्रत्यक्षात चूक होते ती सुरुवातीच्या मात्रेवरच थांबण्यात. रुग्ण तीन-चार महिने अपुऱ्या गोळीवर राहतो आणि ‘औषध लागू पडले नाही’ अशी नोंद होते. पुरेशी मात्रा, ती सहा ते आठ आठवडे आणि गोळी खरोखर पोटात गेल्याची खात्री, या तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय उपचार फसला असे म्हणता येत नाही.

सर्वांत जास्त चकवा देते ते सोडियम. सेर्ट्रालिनच्या गटातल्या या गोळ्यांनी वृद्धांच्या रक्तातले सोडियम उतरते. बहुधा हे पहिल्या काही आठवड्यांत घडते आणि रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड चालू असेल तर धोका वाढतो. रुग्ण सुस्तावतो, गोंधळतो, चालताना झोक जातो. नैराश्य वाढले असे समजून गोळी वाढवली की सोडियम आणखी घसरते. म्हणून गोळीआधी आणि साधारण दोन आठवड्यांनी सोडियम तपासतात. सिटॅलोप्रॅम हृदयाच्या विद्युत लयीवर परिणाम करत असल्याने 60 वर्षांवरील व्यक्तींना दिवसाला 20 मिग्रॅपेक्षा जास्त देत नाहीत.

दोन औषधांनी गुण न आल्यास पुढे काय, हा प्रश्न ‘ऑप्टिमम’ या अमेरिका-कॅनडातील चाचणीने हाताळला (2023). पहिल्या टप्प्यात 60 वर्षांवरील 619 रुग्ण होते. चालू औषधाला ॲरिपिप्राझोलची जोड दिलेल्या गटात 28.9 टक्के, ब्युप्रोपिऑनची जोड दिलेल्या गटात 28.2 टक्के आणि जुने बंद करून ब्युप्रोपिऑनवर नेलेल्या गटात 19.3 टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले. पहिल्या दोन गटांचा निकाल जवळपास सारखा असला तरी ब्युप्रोपिऑनची जोड मिळालेल्यांत पडण्याचे प्रमाण सर्वाधिक होते. सत्तरीत खुब्याचे हाड मोडणे म्हणजे कित्येकदा चालणेच बंद होणे. त्यामुळे हा आकडा लक्षणमुक्तीच्या आकड्याइतकाच तोलाचा मानावा. ॲरिपिप्राझोलही निर्धोक नाही. 2015 च्या एका चाचणीत त्यावरील 26 टक्के वृद्धांना एका जागी बसवत नाही अशी अस्वस्थता आणि 17 टक्क्यांना पार्किन्सनसारखा ताठरपणा आला होता.

ऑप्टिममच्या दुसऱ्या टप्प्यात लिथियमची जोड किंवा नॉर्ट्रिप्टिलिन दिले गेले. लक्षणमुक्ती अनुक्रमे 18.9 आणि 21.5 टक्के. म्हणजे पायरीगणिक यश आटत जाते. लिथियम घेणाऱ्या वृद्धाला जुलाब झाले, पाणी कमी पडले किंवा गुडघेदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक गोळी आणली, तर रक्तातले लिथियम चढून विषबाधा होऊ शकते. नॉर्ट्रिप्टिलिनआधी ईसीजी काढतात आणि प्रोस्टेटची तक्रार असलेल्या पुरुषांत लघवी अडकते का, इकडे लक्ष ठेवतात.

विद्युत-आक्षेप उपचार : लोकांच्या तोंडी ‘शॉक’, रुग्णालयात ‘ईसीटी’. डोक्यातून थोडा विद्युतप्रवाह सोडून मुद्दाम आकडी आणणे, हाच हा उपचार. 1938 मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी तो प्रथम वापरला. तीव्र नैराश्यात, विशेषतः खाणेपिणे थांबलेल्या, भ्रम असलेल्या किंवा जीव देण्याच्या विचाराने ग्रासलेल्या वृद्धांत, याच्या तोडीचे दुसरे साधन नाही. त्याबद्दलची भीती बहुतांशी भूल न देता उपचार होत त्या काळातली आहे.

आजची पद्धत अशी : आदल्या रात्रीपासून उपाशीपोटी, रक्तदाबाची गोळी मात्र घोटभर पाण्याबरोबर. कवळी, चष्मा, श्रवणयंत्र काढतात. झोपेसाठी लोराझेपाम किंवा क्लोनाझेपाम चालू असेल तर ते आधीच कमी करावे लागते, नाहीतर आकडी नीट येत नाही. भूल दिल्यावर आणि स्नायू शिथिल करणारे सक्सिनिलकोलिन देण्याआधी एका घोट्यावर रक्तदाबाचा पट्टा फुगवून आवळतात. त्यामुळे ते औषध पावलापर्यंत पोचत नाही. अंग निपचित असते आणि आकडी फक्त त्या पावलाच्या हालचालीत दिसते. दातांत रबरी तुकडा, नाकातोंडाला ऑक्सिजन. विद्युतस्पंद काही सेकंदांचा, आकडी अर्ध्या-एक मिनिटाची. स्पंदामागोमाग नाडी क्षणभर मंदावते, मग नाडी आणि रक्तदाब दोन्ही चढतात. हृदयविकाराच्या रुग्णात भूलतज्ज्ञाची कसोटी लागते ती याच दोन-तीन मिनिटांत.

म्हातारपणी आकडी यायला जास्त विद्युतभार लागतो आणि पुरुषांत तो आणखी जास्त असतो. म्हणून पहिल्या दिवशी भार पायरीपायरीने वाढवून त्या रुग्णाची उंबरठा-मात्रा, म्हणजे आकडी येण्यापुरता किमान भार, शोधतात. एक विद्युतअग्र उजव्या कानशिलावर आणि दुसरे टाळूच्या किंचित उजवीकडे ठेवले, तर भाषा सांभाळणारा डावा अर्धगोल बराचसा वाचतो; मात्र त्यासाठी पुढच्या बैठकांत उंबरठ्याच्या सहापट भार द्यावा लागतो. स्पंदाची रुंदी सुमारे 1 मिलिसेकंदावरून 0.25 मिलिसेकंदावर आणली की विस्मरण कमी होते, पण बैठका थोड्या जास्त लागतात. दोन्ही कानशिलांवर अग्रे ठेवण्याची जुनी पद्धत वेगाने काम करते आणि स्मृतीवर जास्त घाला घालते. ती जीव धोक्यात असलेल्या रुग्णासाठी राखून ठेवणे बरे.

‘प्राइड’ या अमेरिकी चाचणीने (2016) हीच उजवी, 0.25 मिलिसेकंदाची पद्धत आठवड्यातून तीनदा आणि सोबत व्हेन्लाफॅक्सिन ही नैराश्यावरची गोळी, असे 240 वृद्धांना दिले. सरासरी वय जवळजवळ 70. त्यांपैकी 61.7 टक्के लक्षणमुक्त झाले, सरासरी सातएक बैठकांत. 10 टक्क्यांना गुण आला नाही, तर 28.3 टक्क्यांनी चाचणी मध्येच सोडली. गळती धरूनही हे यश गोळ्यांच्या पुढच्या पायऱ्यांहून फार मोठे आहे. पण ईसीटीला तुलनागट नव्हता आणि रुग्णही वेगळे निवडले होते, त्यामुळे दोन्ही चाचण्यांचे आकडे शेजारी मांडून वजाबाकी करू नये.

खरी मेहनत पुढच्या टप्प्यात होती. ईसीटी थांबवल्यावर काय होते हे 2001 च्या एका चाचणीने दाखवले होते (रुग्ण केवळ वृद्ध नव्हते): सहा महिन्यांत निष्क्रिय (औषध नसलेल्या) गोळीवरचे 84 टक्के, नॉर्ट्रिप्टिलिनवरचे 60 टक्के आणि नॉर्ट्रिप्टिलिन-लिथियमवरचे 39 टक्के पुन्हा आजारी पडले. प्राइडने 120 बऱ्या झालेल्या वृद्धांचे दोन गट केले. एकाला व्हेन्लाफॅक्सिन-लिथियम, दुसऱ्याला तेच आणि शिवाय पहिल्या महिन्यात चार ईसीटी, मग दर आठवड्याला लक्षणे मोजून गरजेपुरत्या बैठका. 24 आठवड्यांअखेर दुसऱ्या गटाचे हॅमिल्टन गुण सरासरी 4.2 ने कमी होते आणि आकलनक्षमतेच्या ढोबळ चाचणीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. ठरीव वेळापत्रकाऐवजी लक्षणे डोके वर काढताच बैठक देणे, ही यातली घेण्याजोगी गोष्ट.

भ्रमयुक्त नैराश्यात ईसीटी नको असल्यास सेर्ट्रालिन आणि भ्रमावरच्या ओलान्झापिनची जोडी देतात. लक्षणे गेल्यावर ओलान्झापिन बंद केलेल्यांपैकी 54.8 टक्के 36 आठवड्यांत पुन्हा आजारी पडले, चालू ठेवलेल्यांपैकी 20.3 टक्के (2019). वजनवाढ ही त्याची किंमत. गोळी टिकवण्याचा हाच धडा 2006 मध्ये सत्तरीपुढच्या रुग्णांतही मिळाला होता: दोन वर्षांत पॅरोक्सेटिनवरचे 35 ते 37 टक्के, तर निष्क्रिय गोळीवरचे 58 ते 68 टक्के पुन्हा आजारी पडले. बरे वाटले म्हणून सहाव्या महिन्यात गोळ्या बंद करणाऱ्या कुटुंबांना हे आकडे दाखवावेत.

इतर मार्ग : चुंबकीय उद्दीपनाला, म्हणजे डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंद देऊन मेंदू चेतवण्याला, भूल लागत नाही. 2022 च्या एका कॅनेडियन चाचणीत चार मिनिटांची नवी पद्धत जुन्या 47 मिनिटांच्या पद्धतीहून कमी ठरली नाही; दोन्हींत सुमारे एकतृतीयांश रुग्ण लक्षणमुक्त झाले. नाकातून द्यायच्या एसकेटामिन या औषधाची 65 वर्षांवरील चाचणी सांख्यिकीय निकषावर थोडक्यात हुकली.

रक्तवाहिन्यांच्या आजाराने मेंदूच्या पुढच्या भागाची जोडणी बिघडलेल्यांत गोळ्या कमी लागू पडतात. त्यांना समस्या-निराकरण पद्धतीचे समुपदेशन उपयोगी ठरते: एक अडचण निवडणे, तिचे तुकडे करणे, या आठवड्यात नेमके काय करायचे ते कागदावर लिहिणे. अशा 221 रुग्णांच्या चाचणीत बाराव्या आठवड्यात सुमारे 46 टक्के लक्षणमुक्त झाले, केवळ आधार देणाऱ्या समुपदेशनात 28 टक्के.

या पद्धतीचा वापर गोव्यातही झाला. ‘संगत’ संस्थेशी निगडित चाचणीत मानसोपचाराची पदवी नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सौम्य लक्षणे असलेल्या 181 वृद्धांपैकी निम्म्या, म्हणजे 91 जणांबरोबर काम केले. अडचणी सोडवण्याबरोबरच झोपेच्या सवयी आणि मधुमेहासारख्या आजारांची काळजी यांवरही भर होता. वर्षभरात त्यांतल्या 4.4 टक्क्यांना पूर्ण नैराश्य आले, नेहमीची देखभाल मिळालेल्यांत 14.4 टक्क्यांना (2019). हे काम तीव्र आजारावरचे नव्हे, त्याला दारातच अडवण्याचे आहे.

भारतात मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार भूल आणि स्नायू-शिथिलक न देता ईसीटी देण्यास मनाई आहे आणि कायद्यातल्या आपत्कालीन उपचाराच्या तरतुदीखाली ती देता येत नाही. त्यामुळे अन्न सोडलेल्या वृद्धाच्या बाबतीतही संमतीची रीतसर प्रक्रिया आधी पुरी करावी लागते. भूलतज्ज्ञ नसलेल्या ठिकाणी हा उपचार होऊच शकत नाही.

या संशोधनाची मोठी उणीव निवडीत आहे. डिमेन्शिया झालेले किंवा शरीराने फार खंगलेले रुग्ण अशा चाचण्यांतून सहसा वगळले जातात, आणि वार्डात सर्वाधिक अडचणीचे नेमके तेच असतात. त्यांच्या बाबतीत डॉक्टर वरच्या आकड्यांवरून अंदाज बांधतात, मात्रा आणखी हळू वाढवतात आणि प्रत्येक ईसीटीनंतर रुग्ण दिवस-ठिकाण सांगतो का ते पाहून पुढच्या बैठकीचे अंतर ठरवतात.