कंपायलरलाच विचारून बघा

लिनक्सवर एखादं सॉफ्टवेअर सोर्स कोडपासून, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेल्या मूळ मजकुरापासून, उभं करायचं असलं की बहुतेक वेळा पहिली आज्ञा द्यावी लागते ती 'कॉन्फिगर'ची. मग पडद्यावर ओळी सरकू लागतात. कंपायलर (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) आहे का? आहे. चालतो का? चालतो. अमुक हेडर फाइल (कोणती फंक्शन वापरता येतील ते कंपायलरला सांगणारी फाइल) आहे का? नाही. या ओळी सहसा कोणी वाचत नाही, पण बहुतेक ओळींमागे एक खराखुरा प्रयोग असतो.

1980च्या दशकात युनिक्सच्या डझनभर जाती होत्या. सन, एचपी, आयबीएम, प्रत्येकाचं युनिक्स जरा वेगळं. एकावर असलेलं फंक्शन दुसऱ्यावर नसायचं. मग प्रोग्रामर कोडमध्ये 'सन असेल तर असं, एचपी असेल तर तसं' लिहीत बसत आणि कंपनीने नवी आवृत्ती काढली की ती यादी बाद होई. 1991 मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी ऑटोकॉन्फ तयार केलं; 'कॉन्फिगर' ही स्क्रिप्ट तेच बनवून देतं. त्याचं धोरण असं, की यंत्राचं नाव विचारायचंच नाही, हवी ती गोष्ट थेट करून बघायची.

म्हणजे कॉन्फिगर 'कॉन्फटेस्ट.सी' नावाचा चार ओळींचा प्रोग्राम लिहितं, त्यात हवं ते फंक्शन वापरतं आणि कंपायलरच्या हवाली करतं. जोडणी झाली तर 'हो', एरर आली तर 'नाही'. फाइल पुसून पुढचा प्रश्न. सगळी उत्तरं शेवटी 'कॉन्फिग.एच' आणि मेकफाइल या बांधणीच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या फाइलींमध्ये उतरतात.

यातली मला सर्वांत आवडणारी युक्ती क्रॉस-कंपाइल करतानाची, म्हणजे एका यंत्रावर दुसऱ्या प्रकारच्या यंत्रासाठी प्रोग्राम बांधतानाची. लॅपटॉपवर बसून राउटरसाठी प्रोग्राम बांधताना चाचणी चालवून बघता येत नाही, कारण प्रोसेसरच वेगळा. मग तिथला पूर्णांक किती बाइटचा हे कसं कळणार? कॉन्फिगर एक ॲरे, म्हणजे ठरावीक लांबीची मूल्यांची रांग, लिहितं. 'आकार 4 किंवा त्याहून कमी' हे विधान खरं असेल तर त्या ॲरेची लांबी 1 येते, खोटं असेल तर उणे 1. उणे लांबीचा ॲरे सी भाषेला चालत नाही, म्हणून कंपायलर तो नाकारतो. वरची-खालची मर्यादा आवळत नेली की नेमका आकडा मिळतो, आणि प्रोग्राम एकदाही चालवावा लागत नाही!

काही अडलं तर 'कॉन्फिग.लॉग' उघडा. फसलेला चाचणी-प्रोग्राम आणि कंपायलरची तक्रार तिथे जशीच्या तशी असते. डेबियन-उबुंटूवर बऱ्याचदा लायब्ररी (तयार फंक्शनांचा संच) असते, पण तिच्या हेडर फाइली असलेलं '-डेव्ह' पॅकेज टाकायचं राहिलेलं असतं.

पण एरर म्हणजे 'नाही' या नियमाचा गैरफायदाही घेता येतो. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड या कॉम्प्रेशन सॉफ्टवेअरमधला चोरदरवाजा उघड केला. त्या तपासात आणखी एक गोष्ट सापडली. सीमेक या कॉन्फिगरसारख्याच दुसऱ्या साधनाने बांधणी करताना लँडलॉक ही सुरक्षा-सुविधा आहे का, हे बघणाऱ्या चाचणी-कोडमध्ये एका ओळीवर नुसतं एक टिंब टाकलेलं होतं. त्यामुळे चाचणी कधीच कंपाइल होत नसे, उत्तर कायम 'नाही' येई आणि सुरक्षा मुकाट्याने बंद राही. बांधणी मात्र सुरळीत पार पडायची, कारण ऐच्छिक सुविधा नसणं ही चूक धरली जात नाही.

म्हणून जी सुविधा हवीच आहे ती आपोआप सापडेल यावर सोडू नये, 'एनेबल' किंवा 'विथ'चा पर्याय देऊन स्पष्ट मागावी. नीट लिहिलेली कॉन्फिगर स्क्रिप्ट मग ती सुविधा न मिळाल्यास तिथेच थांबते.