आधी पाणी, मग व्हिनेगर

अमेरिकन बार्बेक्यू सॉस म्हटलं की आपल्यापुढे येतो तो टोमॅटोचा, दाट, लालसर तपकिरी, गोड सॉस. साउथ कॅरोलायना राज्याच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे कोलंबिया या राजधानीच्या आसपास, तो हळदीसारखा पिवळाधमक असतो. त्यात टोमॅटोला मान नाही. मोहरी, व्हिनेगर, गोडीला ब्राउन शुगर किंवा मध, वर मिरी आणि मिरची. मंद धगीवर तासन्‌तास राहून बोटांनी सुटावं इतकं मऊ झालेलं डुकराचं मांस, आणि त्यावर हा सॉस. ‘कॅरोलायना गोल्ड’ म्हणतात त्याला. याच नावाचा तिथला एक जुना तांदूळही आहे, त्यामुळे इंटरनेटवर शोधायला गेलात तर भात समोर येतो.

मोहरी तिथे कशी पोचली याची गोष्ट सगळे सांगतात ती अशी: १७३० नंतरच्या काही दशकांत वसाहतीच्या सरकारने जर्मन बोलणाऱ्या शेतकऱ्यांना जमिनी देऊन या भागात वसवलं, आणि त्यांनी मोहरीची आवड सोबत आणली. ब्रॉड आणि सलूडा या नद्यांच्या बेचक्यातल्या मुलखाला अजून ‘डच फोर्क’ म्हणतात. त्यातलं ‘डच’ हॉलंडचं नव्हे, ‘डॉइच’चं, म्हणजे जर्मनच. पण खड्ड्यातल्या निखाऱ्यांवर रात्रभर जागून मांस भाजायचं कसब मुख्यतः गुलाम म्हणून राबवलेल्या कृष्णवर्णीयांच्या हातात होतं. तेवढा भाग गाळला तर उरलेली गोष्ट लंगडी पडते. पुढे विसाव्या शतकात हाच पिवळा सॉस विकणाऱ्या ‘पिगी पार्क’ नावाच्या हॉटेलांनी कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना बरोबरीने वाढायला नकार दिला. ते प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६८ साली हॉटेलवाले हरले.

इतकं वाचून झाल्यावर मी सॉस करायला घेतला आणि तो बिघडवला. घरात आपली काळी मोहरी होती, ती मिक्सरवर पूड केली. व्हिनेगर, गूळ, मीठ, हळद, तिखट असं सगळं एकदम पातेल्यात घालून दहा मिनिटं उकळलं. रंग सुंदर आला. आंबटगोड चवही जमली. मोहरी मात्र कुठे गेली कोण जाणे. मागे राहिला तो कडवटपणा. आईला फोन केला.

“मोहरी फेसली होतीस का?”

“नाही गं. पूड थेट घातली.”

“आणि उकळलीस? मग ती फोडणीच झाली की! लोणच्याची मोहरी आधी पाण्यात फेसायची, नाकाला झोंबेपर्यंत. लिंबूबिंबू सगळं नंतर.”

आईच्या या तीन वाक्यांत मोहरीचं बहुतेक रसायनशास्त्र येतं. पडताळून बघायचं असेल तर तीन वाट्या घ्या. प्रत्येकीत चमचाभर ताजी मोहरीची पूड. पहिलीत थंड पाणी, दुसरीत उकळतं पाणी, तिसरीत नुसतं व्हिनेगर. ढवळून, झाकून दहा मिनिटं ठेवा. मग एकेक झाकण काढून वास घ्या, पण पहिल्या वाटीवर फार वाकू नका. मी वाकले आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. दुसऱ्या वाटीला भिजलेल्या पेंडीसारखा वास होता, झणका शून्य. तिसरीला व्हिनेगरचाच वास, मोहरी जेमतेम.

गंमत अशी की कोरड्या मोहरीत झणका नसतोच. दाणा तोंडात टाकलात तर पहिल्या क्षणी काहीच लागत नाही. चावून लाळ मिसळली की मग लागतो. दाण्यात सिनिग्रिन नावाचा पदार्थ असतो. हा एक बांधून ठेवलेला रेणू आहे. त्याच्या एका टोकाला ग्लुकोज, म्हणजे साखर, जोडलेली असते आणि ती जोडलेली आहे तोवर तो निरुपद्रवी असतो. ती साखर कापणारं एन्झाइम, मायरोसिनेज, त्याच दाण्यात पण वेगळ्या पेशींत असतं. दाणा अख्खा आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. कुटल्यावर पेशी फुटतात, पण मधे पाणी असल्याशिवाय काम सुरू होत नाही. पाणी आलं की साखर सुटते, उरलेला तुकडा स्वतःची मांडणी बदलतो आणि ॲलिल आयसोथायोसायनेट तयार होतं. मोहरीचा झणका म्हणतात तो हाच. तो दाण्यात साठवलेला नसतो, तुमच्यासमोर वाटीत तयार होतो.

वनस्पतीने हा खटाटोप आपल्या लोणच्यासाठी केलेला नाही, चावणाऱ्या किड्यासाठी केला आहे. चावा घेतला की त्याच्याच तोंडात बार उडतो. कोबीवरच्या माव्याने यावरही ताण केली आहे. तो झाडाच्या रसातून हे बांधलेले रेणू शोषून अंगात साठवतो, आणि त्यांना कापणारं एन्झाइम स्वतः वेगळं बनवतो. म्हणजे माव्याला कुणी चिरडलं की तोही मोहरीसारखाच झोंबतो.

आता ‘मग ती फोडणीच झाली की’ याकडे येऊ. एन्झाइम हे प्रथिन. तापवलं की त्याची घडी विसकटते आणि ते निकामी होतं. कडकडीत तेलात मोहरी पडली की दाण्यातल्या पाण्याची वाफ होऊन तो तडतडतो, आणि एन्झाइमला काम करायची संधी मिळण्याआधीच त्याचा निकाल लागतो. म्हणून फोडणीतली मोहरी खमंग लागते, झोंबत नाही. तीच मोहरी काकडीच्या कोशिंबिरीत फेसून घातली की मस्तकात जाते. कोकणात आणि गोव्यात आंब्याचं सासव करतात, त्यातही मोहरी कच्चीच वाटतात. एकाच डब्यातली मोहरी अशी दोन स्वभावांनी वागते आणि आपण रोज दोन्ही वापरतो, पण असं का याचा विचार मी तरी सॉस बिघडेपर्यंत केला नव्हता.

व्हिनेगरचा डाव याहून नाजूक आहे. आम्लात हे एन्झाइम फार मंदावतं, त्यामुळे पूड थेट व्हिनेगरमध्ये भिजवली तर झणका जेमतेम तयार होतो. पण एकदा तो तयार झाला की नुसत्या पाण्यात टिकत नाही. काही तासांत विरत जातो. आम्ल असेल तर हे विरणं बरंच लांबतं. म्हणजे ज्या व्हिनेगरने सुरुवातीला खोडा घातला असता, तेच दहा-पंधरा मिनिटांनी घातलं की राखणदार होतं. लिंबू ‘नंतर’ पिळायचं ते याच हिशेबाने.

हा झणका नाकातच का जातो आणि मिरची जिभेवरच का रेंगाळते? ॲलिल आयसोथायोसायनेट उडून जाणारं द्रव्य आहे. घासाबरोबर त्याची वाफ घशामागून नाकात चढते. मिरचीतलं कॅप्सेसिन असं उडत नाही, ते तेलकट असतं आणि जिभेला धरून बसतं. शिवाय दोघांची मज्जातंतूंवरची दारंही वेगळी. कॅप्सेसिन टीआरपीव्ही-१ हे दार उघडतं. तेच दार खऱ्या उष्णतेनेही उघडतं, म्हणून मिरची ‘गरम’ लागते. मोहरीचं दार टीआरपीए-१. अश्रुधूरही याच दारावर धडकतो, तेव्हा पहिल्या वाटीने मला रडवलं यात नवल नाही. कॅप्सेसिनचा माग काढत १९९७ साली पहिलं दार ओळखणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. मोहरीचं द्रव्य दुसऱ्या दारावर काम करतं हे त्यांच्याच प्रयोगशाळेने २००४ मध्ये दाखवलं. कॅरोलायनाच्या सॉसमध्ये मोहरी आणि लाल मिरची दोन्ही असतात. मोहरी चटकन चढून ओसरते, तोवर मिरची मागून येऊन मुक्काम ठोकते.

पण एक अडचण आहे. तिथल्या सॉसमधली मोहरी आपली नाही. आपली राई ती ब्रॅसिका जुन्सिया. अमेरिकेतल्या पिवळ्या मस्टर्डमध्ये सिनापिस आल्बा असते, फिकट पिवळ्या, जरा टपोऱ्या दाण्यांची. आपल्या बाजारातली पिवळी सरसों दिसायला तशीच, पण तीही ब्रॅसिका कुळातलीच. सिनापिस आल्बात सिनिग्रिनऐवजी सिनाल्बिन असतं. त्यातून सुटणारं द्रव्य उडत नाही, म्हणून ती मोहरी जिभेवर चुरचुरते पण नाकात जात नाही. तिच्या सालीत चिकही भरपूर असतो. सब्जा पाण्यात फुगून बुळबुळीत होतो तसाच प्रकार. हा चिक पाणी धरून ठेवतो, तेलाचे थेंब वेगळे होऊ देत नाही, आणि मैदा किंवा कॉर्नफ्लोअर न घालता सॉस दाट राहतो. माझ्या सॉसला तासाभरात वर पाणी सुटलं होतं, ते का हे इथे उलगडलं.

आणि रंग? तो मोहरीचा नाहीच. वाटलेली मोहरी मळकट पिवळी दिसते. १९०४ साली सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात फ्रेंच कंपनीने (फ्रेंच हे मालकांचं आडनाव) जे पिवळंजर्द मस्टर्ड आणलं, त्यात चक्क हळद होती. आजही असते. ‘गोल्ड’चं सोनं म्हणजे आपली हळदच.

दुसऱ्या खेपेला मी दोन्ही मोहऱ्या वापरल्या. दाटपणाला आणि रंगाला बाटलीतलं पिवळं मस्टर्ड, झणक्याला घरची राई. दोन चमचे मोहरीची डाळ बारीक केली, तितक्याच थंड पाण्यात काट्याने फेसली आणि झाकून पंधरा मिनिटं ठेवली. ताटाच्या कडेतून वास डोकवायला लागला तसं चमचाभर व्हिनेगर आणि चिमूट मीठ घालून वाटी फ्रीजमध्ये सारली. ताजी फेसलेली मोहरी कडवट लागते; रात्रभरात तो कडूपणा उतरतो, म्हणून हे आदल्या दिवशी करावं. दुसऱ्या दिवशी एक कप पिवळं मस्टर्ड, अर्धा कप ॲपल सायडर व्हिनेगर, पाव कप ब्राउन शुगर (गूळही चालतो, वास थोडा बदलतो), चमचाभर भरड मिरी, अर्धा चमचा लाल तिखट आणि लोण्याचा लहान गोळा असं मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ठेवलं. मीठ शेवटी चाखून, कारण बाटलीतल्या मस्टर्डमध्ये ते आधीच असतं. बाटलीतली मोहरी उकळली तरी फारसं काही जात नाही. नाकात जाणारं तिच्यात नव्हतंच. पातेलं उतरवून कोमट झाल्यावर मग घरची मोहरी ढवळली. गरमागरम घातली असती तर झणका वाफेबरोबर स्वयंपाकघरात पसरला असता आणि सॉस पुन्हा मुका झाला असता.

मांसावर लावायचा सॉसही याच कारणाने वेगळा काढावा. निखाऱ्यांवर राईचा झणका काही मिनिटंही तग धरत नाही. तिथे घरची मोहरी न घातलेला भाग वापरायचा आणि तोही शेवटच्या दहा मिनिटांत. कारण गोडी. साधी साखर सुमारे १६० अंश सेल्सिअसला करपण्याच्या वाटेला लागते, पण मधातली फळसाखर ११० अंशांच्या आसपासच. व्हिनेगरमध्ये तापवलेल्या साखरेचीही थोडी फोड होऊन तीच फळसाखर तयार होते. लवकर लावलात तर बाहेर कोळसा आणि आत कच्चं.

कॅरोलायनात डुकराच्या खांद्याचं मांस १०५ ते १२० अंशांच्या धुरात आठ-दहा तास किंवा त्याहूनही जास्त वेळ राहतं आणि आतून ९० अंशांच्या पुढे जातं. तोवर त्यातल्या चिवट कोलॅजनचं जिलेटिन झालेलं असतं. जिलेटिन आणि चरबी मिळून जिभेवर लेप देतात, दोन घासांनंतर चव बोथट होते. तिथे आंबट लागतंच. लाळ सुटते, लेप धुतला जातो. गोव्यात विंदालूला माडाचं व्हिनेगर लागतं तेही याच मांसाला. मी घरी कोंबडीच्या तंगड्यांवर भागवलं. सॉस थोडा जास्त आंबट वाटला, कारण धुवायला तेवढी चरबीच नव्हती. पुढच्या वेळी व्हिनेगर पाव कप.

टिकण्याची चिंता फारशी नाही. पीएच ४.६ च्या खाली असला की अन्नविषबाधेतला सगळ्यात भीतिदायक जंतू, बोट्युलिझमचा, तिथे वाढू शकत नाही, आणि हा सॉस त्याच्या बराच खाली असतो. फ्रीजमध्ये काचेच्या बाटलीत महिना-दीड महिना सहज राहतो. झाकण धातूचं नको, व्हिनेगर ते खातं. झणका मात्र आठवड्यागणिक उतरत जातो. तो पुन्हा हवा असेल तर चमचाभर मोहरी नव्याने फेसून घालायची.

त्या दिवशी ओट्यावरच्या पांढऱ्या फडक्यावर सॉस सांडला. साबण लावला आणि पिवळा डाग रक्तासारखा लाल झाला. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं. हळदीला चुना किंवा सोडा लावून कुंकू करतात तेही असंच. सॉस आंबट, म्हणून त्यात ते पिवळं राहिलं होतं. खळबळून साबण काढला तसा डाग परत पिवळा, पण जाईना. मग ओलं फडकं गच्चीत उन्हात टाकलं. कर्क्युमिनला ऊन सोसत नाही. संध्याकाळी फडकं उचललं तेव्हा डाग कुठे होता ते शोधावं लागलं.