रक्त थांबलं, मग सूज का राहिली?

गुडघ्यात रक्तस्राव सुरू झालाय हे हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) अनेक रुग्णांना सूज दिसायच्या आधीच कळतं. सांध्यात मुंग्या येतात, आतून ऊब जाणवते. काही तासांत गुडघा टम्म फुगतो, तापतो, वाकवता येत नाही. फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन (हिमोफिलिया ‘ए’मध्ये क्रमांक ८चं, ‘बी’मध्ये ९चं), लगेच टोचून घेतला, बर्फ लावला, पाय उंच ठेवून विश्रांती दिली, की ठणका ओसरतो.

सूज मात्र कधीकधी मुक्कामच ठोकते. दाबून पाहिली तर मऊ, ओल्या स्पंजासारखी. फारशी दुखत नाही, गुडघाही बऱ्यापैकी वाकतो. त्यामुळेच तिच्याकडे दुर्लक्ष होतं. ही सूज रक्ताची नसून सांध्याच्या अस्तराची असते.

हे अस्तर, म्हणजे सायनोव्हियम, एरवी जेमतेम दोन-तीन पेशींच्या जाडीचं. सांध्याला वंगण पुरवायचं आणि आतला कचरा उचलायचा, हे त्याचं काम. सांडलेलं रक्तही तेच गिळतं, पण त्यातलं लोह त्याला पचत नाही. लोह साठतं, अस्तर चिडतं, जाड होतं, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात. त्या इतक्या नाजूक, की साध्या हालचालीतही फाटतात. पुन्हा रक्त, पुन्हा लोह. एकाच सांध्यात ६ महिन्यांत ३ किंवा जास्त वेळा आपोआप रक्तस्राव झाला, तर डॉक्टर त्याला ‘टार्गेट जॉइंट’ म्हणतात. या सगळ्यात कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झिजते, आणि झिजलेली कूर्चा जवळजवळ भरून येत नाही.

म्हणून उपचारात आधी हे चक्र तोडायचं असतं. दुखो न दुखो, सहा ते आठ आठवडे ठरल्या दिवशी फॅक्टर घ्यायचा. सोबत फिजिओथेरपी, कारण दुखऱ्या गुडघ्यामुळे मांडीचा स्नायू झपाट्याने वाळतो. ॲस्पिरिन नकोच, ते रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्सनाही निकामी करतं. सूज कमी करायला डॉक्टर सेलेकॉक्सिबसारखं औषध देऊ शकतात.

एवढ्याने भागलं नाही, तर फॅक्टरच्या संरक्षणाखाली सांध्यात किरणोत्सारी यिट्रियम-९० सोडतात. ऐकायला भीतिदायक, पण त्याचे किरण काही मिलिमीटरच आत जातात आणि दर २.७ दिवसांनी जोर निम्मा होतो. माजलेलं अस्तर तेवढ्यात सुकतं. यिट्रियम मिळत नसेल तिथे क्षयाचं औषध रिफाम्पिसिन सांध्यात टोचतात. गुण येतो, पण सुया अनेकदा खाव्या लागतात. हेही फसलं तर दुर्बिणीतून अस्तर खरवडून काढतात.

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, लहानपणापासून नियमित फॅक्टर घेणाऱ्या मुलांपैकी ९३ टक्क्यांचे सांधे वयाच्या सहाव्या वर्षी एमआरआयमध्ये शाबूत होते. रक्तस्राव झाल्यावरच फॅक्टर घेणाऱ्यांत हे प्रमाण ५५ टक्के. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त अस्वस्थ करते: दिसलेल्या रक्तस्रावांची संख्या आणि सांध्याची हानी यांचा मेळ फारसा बसत नव्हता. कुणालाही न कळता सांध्यात थेंब-थेंब रक्त झिरपत असावं, असं संशोधकांना वाटलं.